बाबांच्या शिवणीची नेक

मंगळवार, घरातला चौक

१. बाबांनी लावलेलं शिवणीचं झाड ते गेल्यावर वाऱ्याने पडलं.
२. काकांनी ओंडक्याच्या टोकांना, चिरू नयेत म्हणून, शेण थापून तो सावलीत सुकवला.
३. त्यातून मी दादाच्या बास गिटारची नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, केली. वाकू नये म्हणून आत पोलादी सळई घातली.
४. आज तारा ताणल्या. नेक वाकली.

शिवण मऊ असते, हे मला माहीत होतं. तरी नेक बारीक ठेवली. दादाची बोटं आखूड.

काका म्हणाले, "दांडी तुज्या बापावानीच हाय गं. ताण आला की वाकली."

हसू आलं नाही. रडूही नाही. नेकवर सरळ मोजपट्टी टेकवून पुन्हा पाहिलं. वाकलेलीच.

लाकूड एवढंच होतं. दादाला लिहिलं: "वाजवायची असेल, तर नेक उभी चिरून मधे सागाची कडक पट्टी घालावी लागेल. नाहीतर अखंड भिंतीवर टांगू. शुक्रवारपर्यंत कळव."