चार सेकंदांचा श्वास

सोमवार, १९ नोव्हेंबर २००७

रत्नागिरीत हसत उतरले. गाडी दोन तास उशिरा, खोली मिरकरवाड्याच्या रस्त्यावर, जिन्याशी सुकत घातलेले बोंबील, तरी हसतच. नऊ वर्षं मी पुण्याच्या एका दैनिकात लोकांची टर उडवणारं सदर लिहिलं. या दिवाळीत संपादकांनी ती जागा सुडोकूला दिली. पन्नाशीला दोन वर्षं कमी असलेल्या बाईला नोकरी देणारा माणूस थोरच म्हणायचा. हे थोर म्हणजे भिकाजीराव: आंब्याच्या रसाचा कारखाना आणि इथल्या संगीत सभेचं अध्यक्षपद. सभेचा एक पॉडकास्ट आहे. रेडिओसारखाच कार्यक्रम, फक्त इंटरनेटवरून उतरवून हवा तेव्हा ऐकायचा. शास्त्रीय संगीताला घाबरणाऱ्यांची भीती घालवणं हे त्याचं काम. त्याचा ‘नव्याने विचार’ मी करायचा आहे. वर्षअखेर पाचशे श्रोते झाले तर नोकरी कायम, नाहीतर पुण्याला परत जाऊन सुडोकू सोडवायचं.

घरमालकीण नसीमाबी खालीच राहतात, मुलगा झैन मस्कतला. घरात माणसं किती, असं त्यांनी विचारलं. एकटीच म्हटल्यावर म्हणाल्या, बरं झालं बाय, जिना अरुंदच आहे.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

जुने भाग ऐकले. एक प्राध्यापक पंचावन्न मिनिटं बोलतात, त्यातली चाळीस श्रुतींवर. भीती घालवण्याचा हा प्रकार म्हणजे पाण्याला भिणाऱ्याला बोटीची बांधणी समजावणं. श्रोते अकरा, पैकी तिघे प्राध्यापकांच्या घरचे. मी ठरवलं आहे: नऊ मिनिटं, एक राग, एक गोष्ट, आणि आलाप बाद. नवा माणूस अर्धा तास ‘आ’ ऐकत बसत नाही. मी स्वतः नवव्या वर्षी त्याच ‘आ’ला कंटाळून गाणं सोडलं होतं.

रविवार, २५ नोव्हेंबर

गोष्ट मिळाली. झाडगावात गोदाकाकू म्हणून आहेत. त्यांचे दिवंगत यजमान काशीराममास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि रोज सकाळी ओटीवर बसून तोडी गायचे. मैफल कधी केली नाही. चौऱ्याऐंशी साली कुणीतरी एकदाच टेप केलं, ती नव्वद मिनिटांची कॅसेट काकूंनी साडीच्या घडीतून काढून दिली. तिच्यावर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या कडेचे दोन्ही दात मोडून ठेवलेले.

काकूंची अट एकच. कापायचं नाही. ह्यांना अर्ध्यात थांबवलेलं खपायचं नाही, घरात कुकरची शिट्टी झाली तरी पुन्हा पहिल्यापासून लावायचे. मी हो म्हटलं, संपादकाला गुरुवारपर्यंत लेख देते म्हणायचे तितक्याच सहज.

बुधवार, २८ नोव्हेंबर

टेप संगणकात उतरवून घेतली. मास्तर पहिली वीस मिनिटं षड्जातून हलतच नाहीत. सुरुवात मात्र सुरेख. तंबोरा झंकारतो आणि मास्तर सा लावण्यासाठी खोल श्वास घेतात. एवढ्या चार सेकंदांचा तुकडा कापला आणि तोच पुन्हा पुन्हा जोडून माझ्या बोलण्याखाली पसरला. तंबोरा, श्वास, तंबोरा, श्वास. आता गाणार, आता गाणार, असं वाटत राहतं. उत्सुकता म्हणतात ती हीच.

संगणक गच्च भरला होता. नव्वद मिनिटांतलं बाकीचं सगळं काढून टाकलं. कॅसेट आहेच.

शनिवार, १ डिसेंबर

जेटीवर जाऊन मासळी विकणाऱ्या बायकांना विचारलं, शास्त्रीय संगीत ऐकता का. एक म्हणाली, ऐकते की, नवरा दारू पिऊन आला की. ही सगळी उत्तरं टेप करायला कोरी कॅसेट बाजारात मिळेना, आता म्हणे सीडीच. पिशवीत मास्तरांची होती. मोडलेल्या दातांवर चिकटपट्टी लावली. संगणकात उतरवून घेतलंय, म्हटलं.

सोमवार, ३ डिसेंबर

पहिला भाग गेला. संध्याकाळपर्यंत एकशे नव्वद जणांनी उतरवून घेतला. भिकाजीरावांनी आंबापोळी पाठवली. प्राध्यापकांनी निषेधाचं पत्र पाठवलं. दोन्ही चवीने घेतली.

गुरुवार, ६ डिसेंबर

चारशे बारा. पण पत्रं एकसारखी येताहेत. ठाण्याचे गृहस्थ विचारतात, मागचे बुवा गातात कधी? दुबईची एक बाई लिहिते, भाग संपला तरी कुणीतरी गायचं बाकी आहे असं वाटतं आणि जेवण जात नाही.

दुपारी वीज गेली. संगणक बंद, पंखा बंद. हेडफोन टेबलावर पडले होते. त्यातून श्वास ऐकू आला. समुद्राची गाज असेल.

शनिवार, ८ डिसेंबर

तुकडा पुन्हा तपासला. पडद्यावर चार सेकंद. घड्याळ लावून ऐकला तर अकरा. सगळी वाढ श्वासात. आत, आत, आत. सोडण्याचा आवाज कुठेच नाही. असणार कसा? तो मी कापला.

नसीमाबी सांगत होत्या, झैनचा फोन आला होता. कार्यक्रम ऐकल्यापासून मुलगा झोपेत श्वास घेतो आणि धरून ठेवतो. खोलीतले लोक हलवून उठवतात. मग त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, बाय, तू पण आता जिना चढलीस तर वर आल्यावर श्वास सोडलाच नाहीस.

सोमवार, १० डिसेंबर

डॉक्टर. छाती साफ. श्वास घ्या म्हणाले, घेतला. सोडा म्हणाले. तीनदा म्हणाले. शेवटी पाठीत थाप मारली तेव्हा सुटला. ते हसले. मी नाही.

भाग साइटवरून काढला. भिकाजीराव ओरडले, पाचशेच्या वर गेलंय आणि आता काढता? सहाशे बारा. त्या सहाशे बारा जणांकडे तो आहेच. माझ्या हातात काही—

आता एकच करायचं. मूळ टेप लावायची, मास्तरांना सा लावू द्यायचा. अख्खी नव्वद मिनिटं ऐकेन. शपथ.

मंगळवार, ११ डिसेंबर

टेप लावली. सुरमई कितीला ताई. नवरा दारू पिऊन आला की. हसणं. दोन्ही बाजू उलटून पाहिल्या. दुसऱ्या बाजूच्या टोकाला मास्तर थोडे उरलेत, पण ती अखेर आहे, तंबोरा ठेवून उठतानाचा आवाज. सुरुवात नाही. तो सा नाही.

टेपवर आहे म्हणून संगणकातून काढलं. संगणकात आहे म्हणून टेपवर—

नऊ वर्षं लोकांच्या मूर्खपणावर लिहिलं. इतका मोठा कधी सापडला नव्हता.

गुरुवार, १३ डिसेंबर

झाडगावला गेले. सगळं सांगितलं, दोन दोन शब्दांत. एका दमात तेवढेच येतात.

काकू चिडल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं. सोमवारपासून, म्हणजे तीन तारखेपासून, रोज सकाळी ओटीवर मास्तर श्वास घेतात. चाळीस वर्षं त्या श्वासामागून सा आला, त्या चूल पेटवायच्या. आता येत नाही. काकू दहा दिवस चुलीशी बसून आहेत. म्हणाल्या, ह्यांना अडवलंस तू, बाय. वाट तूच करून द्यायचीस, तो सा तूच लावायचास.

मला गाता येत नाही म्हटलं. म्हणाल्या, सा तर सगळ्यांनाच येतो.

शनिवार, १५ डिसेंबर

झैन दवाखान्यात. नळी लावली आहे. नसीमाबी फोन मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसून आहेत.

प्रयत्न केला. तीनदा. तोंड उघडतं. हवा आतच जाते.

रविवार, १६ डिसेंबर, सकाळ

काकू आल्या. मास्तरांचा तंबोरा घेऊन, रिक्षाने. मांडीवर घेतला. जुळवला.

बोलता येत नाही म्हणून लिहिते. नसीमाबी दारात. फोन हातात, मस्कत लावून धरलं आहे.

काकूंनी मान हलवली. आता.

तोंड उघडलं. श्वास घेतला.

माझ्याबरोबर आणखी कुणी घेतो आहे. शेजारी. उजवीकडे. फोनमधून पण. खूप जण—

घेते आहे. अजून. आता सा. अजून आत. अजू