फ्रीजच्या दारातलं खोकं

४ मार्च, मंगळवार

इंजेक्शन घेतलं. तरी सकाळी साखर २६०!

आई चहाचा कप धरून मागे उभीच होती. “किती आली?” मी म्हटलं, “एकशे चाळीस.” तेराव्या वर्षी हा आजार गळ्यात पडला, आता एकोणतीस चालू आहे. इतर घरांत सकाळी ‘झोप लागली का’ विचारतात, आमच्याकडे ‘किती आली’. दोघींचंच घर, त्यामुळे प्रश्न चुकवायलाही जागा नाही.

इन्शुलिनचं नवं खोकं आणलंय तिने. टोचायच्या पाच पेनांचं. “आठवड्याभरात तुझ्या हातातलं पेन संपेल, म्हणून आधीच आणून ठेवलं.” फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या वर बसलंय ते.

तलावावर सकाळच्या दोन बॅचेस. बेडकी आज काठाची दांडी सोडून तीन हात पोहली! सहा वर्षांची आहे. गुडघे बाहेर काढून पाय मारते म्हणून मी ठेवलेलं नाव, तिलाही ते भारी आवडतं. “टीचर, तुम्ही इथेच थांबा हं. जाऊ नका.” मी कुठे जाणार? कमरेएवढ्या पाण्यात उभी, आणि जीव मुठीत.

६ मार्च, गुरुवार

इंजेक्शन घेतलं. २४०.

जानेवारीतलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. लिहूनच टाकते एकदा.

त्या दिवशी साखर एकदम खाली गेली. कानात गुणगुण, काठाच्या फरशा डुलायला लागल्या. बेडकीच्या हातून दांडी सुटली. ती खाली जाताना मला दिसली. दिसली! मनात आलंही, अरे, ही खाली चालली. आणि मी नुसती उभी. हात आहेत हेच आठवेना. पलीकडच्या बॅचचा जिराफ (आमचा उंच ट्रेनर) धावत आला आणि त्याने तिला उचललं. दोन श्वासांचा खेळ. “काय गं, झोपलीस की काय?” मी हसले. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन साखरेच्या पुड्या तोंडात रिकाम्या केल्या आणि भिंतीला टेकून रडले.

तलावावर कुणालाच माझ्या मधुमेहाबद्दल माहीत नाही. नोकरीच्या अर्जात ‘आजार’ पुढे ‘नाही’ लिहिलं. साहेबांना कळलं तर मला पाण्याबाहेर काढून तिकीट खिडकीत बसवतील. ते स्वतः काठावर खुर्ची टाकून, पोहता येत नसताना आम्हाला पोहायला शिकवतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच!

पाण्यात उतरताना साखर जरा चढी असलेलीच बरी. चढली तर माझं काय व्हायचं ते होईल. उतरली तर कुणाची तरी पोर जाईल.

७ मार्च, शुक्रवार

इंजेक्शन घेतलं. दुपारभर वीज नव्हती. आई फ्रीजला हात लावू देईना. “गारवा जाईल!”

११ मार्च, मंगळवार

इंजेक्शन घेतलं. २९०.

पोहायचा पोशाख खांद्यावरून घसरायला लागलाय. जिराफ म्हणाला, “डाएट वगैरे का? छान दिसतेस.” छान! दर बॅचनंतर लिटरभर पाणी पितेय आणि दर बॅचच्या मध्ये पळत बाथरूम गाठतेय. दिवसभर पाण्यात, आणि घसा कोरडा ठणठणीत.

आईच्या नजरेतून काही सुटत नाही. “वजन उतरलंय तुझं. घेतेस ना नीट?”

मी भडकलेच. “सोळा वर्षं टोचून घेतेय. अजून हिशेब द्यायचा?”

तिचंही चुकत नाही. पंधराव्या वर्षी साखरेच्या वहीत मी मनाचे आकडे भरले होते. खरे वाटावेत म्हणून दोन रंगांची पेनं वापरली, मध्येच एक डागही पाडला! डॉक्टरांनी वही मिटली आणि शांतपणे म्हणाले, “छान चित्र काढलंयस.” आई बाहेर बाकावर बसून रडली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तरी मला राग आला. का आला इतका?

१४ मार्च, शुक्रवार

ताप. अंग मोडून आलंय. इंजेक्शन घेतलं. ३८०. रजा टाकली.

१५ मार्च, शनिवार

सकाळपासून तीन उलट्या. मीटर आकडाच दाखवत नाही, नुसतं ‘हाय’ म्हणतं. मीपण म्हटलं, हाय. पोटात पिळवटून

१९ मार्च, बुधवार

हॉस्पिटल. आज हातात पेन धरता येतंय. वही आईने आणून दिली, न उघडता. तिची तेवढी सचोटी आहे.

शनिवारचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. श्वास इतका खोल आणि भराभर चालला होता, जणू कुणी दुसरंच माझ्या छातीतून श्वास घेतंय. आई जवळ वाकली, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पिकून उतरलेल्या फळाचा वास. तेराव्या वर्षी आजार कळला तोसुद्धा याच वासाने. तिने कुणाला काही विचारलं नाही. शेजारच्या ड्रायव्हरकाकांचं दार बडवलं आणि मला गाडीत घातलं. रस्ताभर म्हणत होती, “बोलत राहा गं बाळा, काहीही बोल.” मी म्हणे बेडकीला सूचना देत होते. पाय मार, पाय मार.

दोन दिवस आयसीयू. दोन्ही हातांत सुया, दर तासाला बोट टोचायचं. तहानेने जीव चाललेला, पण सुरुवातीला पाणी नाही, नर्स नुसता ओला बोळा ओठांवर फिरवायची. त्या बोळ्यासाठी मी तिच्या पाया पडले असते.

आज डॉक्टर मॅडम पलंगावर बसून बोलल्या. “कीटोॲसिडोसिस होता. इन्शुलिन पुरेसं मिळालं नाही की शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं. अजून दोन तास घरी थांबला असतात तर... असो. तापात गरज वाढते हे खरं, पण एवढं? डोस चुकवला होतात?”

आई दारात उभी होती.

“नाही. एकही नाही,” मी म्हटलं.

२० मार्च, गुरुवार

आईने काल रात्रीपासून अन्नाला हात लावला नव्हता. आज माझे केस विंचरताना एकदम थांबली.

“माझ्यामुळे झालं हे सगळं.”

वीज गेली होती त्या दिवशी तिने नवं खोकं बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. तिथे गारवा जास्त टिकतो म्हणून. अर्ध्या तासासाठी. आणि विसरली! सकाळी काढलं तर खोक्यावर बर्फ. गोठलेलं इन्शुलिन फुकट जातं, हे तिला माझ्याइतकंच पाठ आहे. “पण वितळल्यावर चांगलं दिसत होतं गं. वाटलं, बोलले तर तू ओरडशील. आधीच चिडलेली असायचीस. गुपचूप दारात ठेवून दिलं. नुसतं पाणी टोचत राहिलीस तू, बाळा, माझ्यामुळे. आणि वर मी तुलाच विचारत होते, घेतेस ना म्हणून.”

तिने कंगवा उशीवर ठेवून दिला.

मी म्हटलं, “असू दे.”

एवढंच म्हटलं.

तिने डॉक्टर मॅडमनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “हं. मग उलगडा झाला.” फाइलमध्ये लिहिलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मलासुद्धा.

२३ मार्च, रविवार

काल घरी आले. आज सकाळी साखर १५२. आईने विचारलंच नाही! सोळा वर्षांत पहिल्यांदा. चहा ठेवला आणि खाली मान घालून गेली.

ताजं इन्शुलिन तिने दोन्ही हातांत धरून आणलं. दर तासाला फ्रीज उघडून आत हात घालते, गार आहे ना बघते. दुपारी मावशीशी फोनवर बोलताना ऐकलं: “पोटच्या पोरीला मी माझ्या हाताने मारलं असतं गं. माझ्यावर आता कशाचाच भरवसा ठेवू नये कुणी.”

जिराफाचा फोन. “बेडकी रोज विचारते, टीचर कुठे गेल्या? दांडी सोडायला तयार नाही कार्टी.” मी म्हटलं, येईन. काय होऊन येईन, ते अजून ठरलेलं नाही.

जेवण जात नाही.

२४ मार्च, सोमवार

टॉवेल घ्यायला आईचं कपाट उघडलं. मागे, तिच्या रुमालात गुंडाळलेलं ते खोकं. टाकवलंही नाही तिला.

सील जसंच्या तसं आहे. घाबरून तिने ते बघितलंच नाही. मला बघायची गरज नव्हती. त्यातलं एकही पेन मी काढलं नव्हतं, कारण जुनंच अजून संपलेलं नाही. जानेवारीपासून निम्मंच घेतेय. तापातसुद्धा निम्मंच. या वहीत रोज ‘घेतलं’ लिहिलं, किती घेतलं ते एकदाही नाही.

आई स्वयंपाकघरात आहे. खोकं घेऊन तिच्याकडे जातेय.