तिसरी उशी

३ मार्च, सोमवार

म्हातारीला काहीही झालेलं नाही! पहिलं वाक्य हेच हवं. सून सकाळपासून मागे लागली आहे, "दवाखान्यात चला." का, तर जिना चढताना मी मध्येच पायरीवर बसले. बसेन नाही तर काय, नाचेन? त्याच दवाखान्यात बत्तीस वर्षं आया म्हणून राबले. आता तिथेच खाटेवर पडायला जाऊ? मुळीच नाही.

अक्षर नातीचं, बोल माझे. सुनेची थोरली ही, हल्लीच नर्स म्हणून लागली. आजपासून रोज ड्युटीवरून आली की हात धुऊन वही उघडणार, मी सांगेन ते लिहिणार म्हणते. लिहिलंस? जसंच्या तसं लिही, स्वतःची अक्कल घालू नकोस.

४ मार्च, मंगळवार

जुना वॉर्ड डोळ्यांपुढे आला. लांबलचक खोली, दोन्हीकडे लोखंडी खाटा, फिनेलचा वास. मोठ्या सिस्टर आल्या की आधी दारात उभ्या राहायच्या. माणूस बघायच्या, कागद मागाहून.

एक शिंपी होता, पोटाचं ऑपरेशन झालेला. सगळ्यांना शिव्या घालायचा — मला तर खास! एका दुपारी त्याची चादर नीट केली, तर म्हणतो, "थँक्यू, बाई." मी तशीच पळाले. "सिस्टर, शिंपी गोड बोलतोय!" डॉक्टर हसले. सिस्टर नाही हसल्या. जाऊन बघतात तर हात गार, पोट टणक. आत रक्त वाहत होतं. तासाभरात पुन्हा टेबलावर. वाचला! चार दिवसांनी मला पहिली शिवी घातली तेव्हा काय बरं वाटलं म्हणून सांगू.

नात म्हणते, "आजी, हे आमच्या पुस्तकात नाही गं." पुस्तकवाल्यांना शिंपी कुठे भेटला होता?

६ मार्च, गुरुवार

कालपासून तिसरी उशी घेते. आडवं झालं की मान अवघडते — मानच! सून तोंड फुगवून गेली. नातीने नुसता माझा मोजा खाली केला आणि घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. "मोज्याचं इलॅस्टिक घट्ट आहे," मी म्हटलं. "हो ना," ती म्हणाली. शहाणी पोर. आईसारखी वाद घालत नाही.

९ मार्च, रविवार

सिस्टर निवृत्त झाल्या तो दिवस आठवला. म्हणाल्या, "तुला लिहिता-वाचता आलं असतं, तर माझ्या खुर्चीत बसवलं असतं." मी म्हटलं, "खुर्चीत बसून पेशंट दिसत नाही, सिस्टर." खूप हसलो. मग दोघींनी डोळे पुसले.

आज एवढंच. बोलून घसा सुकतो.

१० मार्च, सोमवार

थंडीत गच्चीवर गाद्या वाळत टाकायचो. सगळ्या आया मिळून. काय दिवस होते...

पुढचं उद्या.

११ मार्च, मंगळवार

नात आंघोळीला गेली होती. वही चाळली. अक्षर मला कळत नाही. पण कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसल्या. पहिल्या दिवसाला तीन. काल, तेवढ्याशा बोलण्याला, चौदा.

"ह्या कसल्या गं?"

"बोलता बोलता दम घ्यायला थांबलीस ना आजी, त्या जागा."

आठवडाभर मला तपासत होती, चोर! हसू आलं. हसतानाही धाप लागली.

सुनेला हाक मारली — गाडी बोलाव.