चोथा फेकला जाऊ नये म्हणून केलेली व्यवस्था

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घ्यावी. मृत्युपत्र घरबसल्या तयार करून देणाऱ्या वेबसाइटवर मालमत्तेचे रकाने आहेत: घर, गाडी, दागिने, बोट, घोडा. पार्सिपनीत घोडा कोणी पाळला आहे ते मला ठाऊक नाही. पण माझ्या तळघरात या क्षणी बुडबुडत असलेल्या तेवीस लिटर रेड वाइनला रकाना नाही. 'इतर'मध्ये भरलं, तर विचारतात, हा पाळीव प्राणी आहे का? रोज बघावं लागतं, वेळच्या वेळी हात फिरवावा लागतो, दुर्लक्ष झालं की वास मारतो. म्हणून मी 'हो' म्हटलं. त्यांनी लसीकरणाची तारीख मागितली. यास्तव हे मृत्युपत्र मराठीत आणि स्वहस्ते.

मी, सौ. सुवर्णा मनोहर खानविलकर, वय चोपन्न, व्यवसाय विमा कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणे, राहणार पार्सिपनी, न्यू जर्सी, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कधीच नव्हता, कोणालाही विचारा. हृदयाची एक झडप तेवढी शाबूत नाही. ती येत्या बुधवारी बदलणार आहेत. सर्जन म्हणाला, काही बिघडायचा प्रश्नच नाही. माझाही विश्वास आहे. पण घरी वाइन करायच्या सामानाच्या खोक्यावरही हेच छापलेलं असतं, आणि तरी ते एकदा मनोहरच्या हाती लागलं होतं.

कलम १. घर, निवृत्तीचा फंड आणि बँकेत असेल ते सर्व माझे पती मनोहर यास. घरात कुठली वस्तू कुठे असते हे त्याला सत्तावीस वर्षांत कळलेलं नाही. शोधण्यात त्याचा वेळ बरा जाईल.

कलम २. माझ्या पाटल्या, मोठा काचेचा बुधला आणि बाटलीला बूच मारायचं यंत्र माझी मुलगी रुही हिला, जी ओहायोतल्या डब्लिनला राहते. या खेपेची वाइनही तिलाच द्यावी असं मनात होतं. फोनवर ती म्हणाली, "आई, स्टॉप. यू आर नॉट डायिंग. अँड इट्स जस्ट वाइन, आय विल यूट्यूब इट." पहिल्या भागाबद्दल पाटल्या. दुसऱ्यामुळे वाइन गेली.

कलम ३. शैलेंद्र, मनोहरचा मित्र आणि आमच्या ग्रुपचा स्वयंघोषित वाइनपंडित. हा बाटली आणतो तेव्हा किमतीचा स्टिकर काढायला नेमका विसरतो. याच्याशी माझं काय वाकडं आहे, ते समजण्यासाठी थोडी प्रक्रिया सांगावी लागेल.

खोक्यात द्राक्षांचा आटवलेला रस येतो, यीस्टची पुडी येते आणि सालांचं एक ओलं पाकीट येतं. सालं कापडी पिशवीत भरून रसात सोडायची. रंग म्हणा, तुरटपणा म्हणा, वाइनचं जे काही वाइनपण आहे ते त्या चोथ्यात असतं. पिशवी वर तरंगते, म्हणून रोज स्वच्छ हातांनी ती दाबायची, पिळायची आणि परत रसातच सोडायची. आठ-दहा दिवस.

पहिल्या खेपेला मी ऑफिसात असताना मनोहरने मदत केली. चिंचेचा कोळ काढतात तशी त्याने दुसऱ्याच दिवशी पिशवी कोरडी पिळली, चोथा कुंड्यांना घातला, पिशवी धुऊन वाळत टाकली आणि मला फोन केला, "तुझं गाळायचं काम उरकलं गं!" आपल्या घरात पिळून झालेला चोथा कोणी ठेवतं का? त्याच्या आईने शिकवलं तेच त्याने केलं. वाइन झाली, पण पलीकडचं दिसेल अशी. शैलेंद्र चार जणांसमोर ग्लास उजेडात धरून म्हणाला, "वहिनी, कोकम मस्त जमलंय यार! जिरं घातलं का?"

पुढच्या पाच खेपा याच गृहस्थाने मागून मागून नेल्या, हे नमूद असावं. ओळखीच्या वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. म्हणून शैलेंद्रला साक्षीदार नेमलं आहे.

कलम ४. आता मुख्य. ही खेप मी बुधवारी लावली. पुढच्या बुधवारी मी भुलीत असेन आणि तळघरात चोथा वर येऊन सुकत असेल. काल संध्याकाळी मनोहर तळघराच्या पायरीवर येऊन उभा राहिला. तो पीत नाही. आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पार्टीत नुसता ग्लास धरून उभा असतो.

"चोथा किती दिवस ठेवायचा?"

"पुढच्या शनिवारपर्यंत."

"झालं हे कळणार कसं?"

"मी सांगेन."

"तू हॉस्पिटलात असशील."

"मग फोनवर सांगेन."

"आणि..." एवढंच म्हणून तो झाकणाकडे बघत राहिला.

"मग चाखून बघ."

"मी?"

"नाही, शैलेंद्र!"

त्याने बाह्या सारल्या. कोपरापर्यंत हात धुतले, पूजेला बसताना धुतो त्याहून नीट. पिशवी दाबली, पिळली, जांभळ्या हातांनी वर उचलली. मी माझे हात पाठीमागे धरून ठेवले. मला ते सोपं जात नाही. त्याने ती परत रसात सोडली.

सबब, तळघरातली वाइन आहे त्या स्थितीत मनोहर यास. अटी अशा: पुढच्या शनिवारच्या आत चोथा काढू नये. काढल्यावर एक चमचा स्वतः चाखावा; तोंड वाकडं केलं तरी चालेल, थुंकू नये. बाटल्या वर्षभर उघडू नयेत. त्यानंतर मी उघडीन. तसाच माझा विचार आहे.

ठिकाण: पार्सिपनी, न्यू जर्सी. शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५.

सही: सुवर्णा म. खानविलकर

साक्षीदार:
१. शैलेंद्र (निषेध नोंदवून)
२. विनीता, शेजारीण

ताजा कलम. चोथ्याची मूळ पिशवी फाटली तेव्हा मी विनीताचं चक्का बांधायचं फडकं मागून आणलं होतं. ते जांभळं झालं ते झालंच. आजही खाली रसात पिशवी म्हणून तेच आहे. तेव्हापासून ती दर पाडव्याला कॉफीच्या फिल्टरमधून चक्का गाळते आणि मला ऐकवते. आज सही करण्याआधी तिने सगळं वाचलं आणि विचारलं, "माझं फडकं कितव्या कलमात?"

"तू साक्षीदार. तुला काही देता येत नाही."

मग मी ड्रॉवरमधून नवं मलमलचं फडकं काढलं, दोनदा धुऊन खळ घालवलेलं, आणि तिच्या हाताशी ठेवलं. तिने ते बोटांनी चाचपलं, घडी पर्समध्ये टाकली आणि सही केली.

"पाडव्याला बांधायला तूच यायचंस," म्हणाली.

येते म्हटलं.