चमड्याचा हातमोजा

मंगळवार, दिवेलागणीला

आज बुंदीला चपलेनं हाणलं. चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, मांजराएवढं. पोरीच्या बोटाला दात लावला म्हणून. रगत न्हाई आलं, पण पोरगी केवढ्यानं किंचाळली! दादा म्हणाला, "नाकावर एक ठेवून दे, परत दात लावणार न्हाई." मी ठेवून दिली. बुंदी पलंगाखाली गेली ती अजून तिथंच.

पोरगी उलटी माझ्यावरच चिडली. "पप्पा, मारायचं नसतं. चावली की हात काढून घ्यायचा, पाठ फिरवायची, खेळ बंद. शिकते ती."

दादा हसला. "एवढा टाइम कुणाला? उद्या टेम्पोत टाकतो अन् शहागडच्या हायवेवर सोडून येतो."

मी चप्पल दारापाशी ठेवायला गेलो. 

मंग खुंटीवरचा हातमोजा दिसला. लोखंडाच्या मिलमध्ये गरम सळईजवळ घालतो तो, जाड चमड्याचा. महिना झाला, ड्युटीवरून आलो की तो घालून मीच बुंदीपुढं हात नाचवून राह्यलो. ती कडकडून चावते, मी म्हणतो, "शाब्बास वाघीण!" मला कुठं लागतंय? पोरीच्या हातात कुठं होता हातमोजा?

शिकवलं मी, अन् चप्पल तिला.

दादाला सांगून आलो, बुंदी कुठंच जाणार न्हाई. हातमोजा उद्यापासून मिलमध्येच राहील.

मंग उघडा हात पलंगाखाली धरला. बराच वेळ. चावली असती तर बरं वाटलं असतं. ती भिंतीला चिकटून नुसती थरथरत होती.