रेंज फक्त स्वयंपाकघरात

अड्याळ, जि. भंडारा
७ डिसेंबर

चि. प्रफुल्ल यास मोठ्या बाबांचा सप्रेम जय भीम.

तुझी आणि सूनबाई तृप्तीची प्रकृती उत्तम असेल असे धरून चालतो. पुण्यात थंडी पडली असेल तर कानटोपी घाल. कंपनीतले लोक हसतील म्हणून उघड्या डोक्याने फिरू नकोस. इकडे धानाची चुरणी-मळणी आटोपली. तुझ्या मोठ्या आईचे गुडघे गेल्या वर्षीपेक्षा बरे आहेत. माझा रक्तदाब मात्र वाढला आहे. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा मी तुझ्या कंपनीचे नाव सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले नाही, मीठ कमी करा म्हणाले. मिठाचा यात काहीही संबंध नाही.

दिवाळीआधी तू एक डबा पाठवलास आणि सोबत चार पानांचा छापील प्रश्नतक्ता. मोबाईलच्या टॉवरवरून इंटरनेट ओढून घरातल्या जुन्या पद्धतीच्या फोनला जीव देणारी ही नवी सेवा, तिला तार लागत नाही, आणि अशा घरफोनला आपल्या जिल्ह्यात बाजार आहे की नाही हे कंपनीला पाहायचे आहे, असे तू कळवलेस. एक डबा माझ्याकडे, एक चिखल्याच्या खाण वसाहतीत तुझ्या मोठ्या आईच्या बहिणीकडे, म्हणजे रुखमिणीबाईंकडे, आणि असेच आणखी काही. मी प्रामाणिक अहवाल लिहायचा, आणि तो वाचून ३१ डिसेंबरला तुमचा माणूस डबा उचलून नेणार की राहू देणार ते ठरणार. पुतण्याने का होईना, कोणीतरी आपले मत मागितले याचा मला आनंद झाला हे कबूल करतो. तो तीन दिवस टिकला.

आता अहवाल ऐक. बाजार नाही. नाही, नाही आणि तिसऱ्यांदा नाही! ज्या देशात शेण उचलणाऱ्या माणसाच्याही खिशात मोबाईल वाजतो, त्या देशात भिंतीला टेकून उभे राहून बोलायचा फोन पुन्हा विकायला निघालेल्यांनी आधी इतिहास वाचावा. आमच्याकडे तारेचा फोन होता. रस्ता रुंद करताना कुणीतरी ती तार तोडली आणि जोडायला कोणी आले नाही. मी सतरा अर्ज केले (त्यांतले चार अर्ज वाचनालयात जाहीर वाचून दाखवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या). तेव्हा या देशाला घरफोन नको होता. आज तोच फोन नवीन डब्यात घालून, वर चार दिवे लावून, तुम्ही मला विचारता की हा तुम्हाला कसा वाटतो? आणि तुमचा तो तक्ता! प्रश्न नववा: आपल्या घरात निर्णय कोण घेतो? खाली उत्तरासाठी अर्ध्या बोटाची जागा. अरे, या प्रश्नावर मी पवनीच्या व्याख्यानात दीड तास बोललो आहे.

डबा बसवायला मोबाईल दुरुस्तीचा डोमा आला. माझा माजी विद्यार्थी, भूगोलात कच्चा. मी आधीच जागा ठरवून ठेवली होती: बैठकीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, तसबिरींच्या खाली, जिथे येणाऱ्याची नजर प्रथम जाते. तिथे डबा ठेवला तर चारही दिवे लाल. कपाटावर ठेवला, लाल. पडवीत, लाल. मी तो स्वतः डोक्यावर धरून अंगणात उभा राहिलो (समोरच्या सत्यभामाबाई दारातून पाहत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला), तिथे एक दिवा पिवळा झाला आणि विझला. शेवटी डोमा डबा घेऊन स्वयंपाकघरात शिरला आणि टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, तिखटमिठाच्या डब्यांच्या रांगेत त्याने तो ठेवला. चारही दिवे हिरवे! "सर, रेंज तं सैपाकखोलीतच भेटून राहिली जी," असे तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला दुःख अजिबात ऐकू आले नाही. मी त्याला बराच वेळ समजावले, की घराचा फोन हा घराच्या दर्शनी भागात हवा, ही संस्कृती आहे. तुझी मोठी आई पंचफुला भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मंग सैपाकखोलीच बैठकीत न्या. फक्त चूल इझल्यावर न्या, आत्ता तवा तापला हाय."

अशा रीतीने तुमच्या कंपनीने माझ्या घरात सत्तांतर घडवले. तुम्हाला याची कल्पना तरी आहे का? तार तुटल्यापासून या घरात एकच फोन होता आणि तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. मी व्याख्यानाला गेलो की फोन व्याख्यानाला, मी आसगावला गेलो की फोन आसगावला. कोणी पंचफुलेसाठी फोन केला तर मी निरोप घेत असे आणि घरी आल्यावर देत असे. व्यवस्था उत्तम होती. (निरोप मी थोडक्यात देत असे. थोडक्यात बोलणे मला जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी पंचफुलेला विचारावे.)

पहिला उत्पात मंडईचा. दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, दुकाने लागतात, रात्री दंडारीचा नाच होतो, नाटक होते आणि घरोघरी लेकी-जावई, सोयरेधायरे जेवायला येतात, हे पुण्यात राहून तू विसरला नसशील. आमंत्रणे दरवर्षी मी देतो, माझ्या खिशातून. निवडक चार घरे. वाचणारी, विचार करणारी, जेवणानंतर तासभर बसून ऐकून घेणारी माणसे. यंदा मी चार फोन केले आणि निश्चिंत झालो. मंडईच्या दिवशी सकाळी दहापासून माणसे यायला लागली. पंचफुलेची लाखनीची मामेबहीण आली. माझ्या ज्या बहिणीला मी अकरा वर्षांपूर्वी एका वैचारिक मतभेदामुळे बोलावणे बंद केले होते, ती जावयासह आली आणि माझ्या पाया पडली. एकंदर सव्वीस! माझी निवडक चार घरे अंगणात, उन्हात, आणि बैठकीत कोण तर पंचफुलेच्या माहेरची अख्खी आळी, माझ्या कपाटाला पाठ टेकून कोंबडीचा रस्सा ओरपत. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारले, यांना कोणी बोलावले? म्हणाली, "मीनंच बलावलं. नंबर तोंडपाठ होते माहे, आजपावतर दाबाले बटनच नोहोते." त्या दिवशी मी एकही मुद्दा मांडू शकलो नाही. एकही! सगळे हसत होते, रे. घरात इतका गोंगाट मी कधी ऐकला नव्हता.

दुसरा प्रसंग मात्र थेट तुमच्या यंत्राच्या माथी मारतो. संविधान दिनाला चिखल्याच्या वसाहतीत रुखमिणीबाईंच्या महिला मंडळाने माझे भाषण ठेवले होते. घसा बसल्यामुळे मला प्रवास नको होता, म्हणून ठरले की मी इथून घरफोनवर बोलायचे आणि तिकडे त्यांनी आपला फोन माईकसमोर धरायचा. विषय: घरातील स्त्रीचा समान अधिकार. मी दुपारी स्वयंपाकघरात उभा राहिलो. मध्येच वाजू नये म्हणून खिशातला मोबाईल बंद केला. पंचफुला ओट्याशी लसूण सोलत होती, तिला आवाज न करण्याची सूचना केली आणि सुरुवात केली. प्रफुल्ल, मी रंगलो. घसा उघडला. जगभरच्या चळवळींची उदाहरणे आली, आकडेवारी आली. चाळीस मिनिटांनी मी थांबलो आणि टाळ्यांची वाट पाहू लागलो. फोनमध्ये शांतता. टाळी सोडाच, खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही. मग मला खिडकीतला डबा दिसला. चारही दिवे विझलेले. वीज गेली होती. कधी? तिसऱ्या मिनिटाला! जुन्या तारेच्या फोनला विजेची गरज नव्हती, हे तुमच्या त्या संशोधकांना कोणी सांगितले नाही का? भंडारा जिल्ह्यात वीज जाते ही बातमी पुण्यापर्यंत पोहोचली नाही का? मी पंचफुलेवर गरजलो, तुला दिवे विझलेले दिसले नाहीत? म्हणाली, "दिसले ना जी. पन तुमी रंगात आले होते. म्हटलं, होऊ द्या."

(चिखल्याहून नंतर मंडळाचे आभाराचे पत्र आले. इतके नेमके आणि आटोपशीर भाषण त्यांनी यापूर्वी ऐकले नव्हते म्हणे. पुढच्या वर्षीही याच पद्धतीने बोलावे, अशी विनंती आहे. ते पत्र मी फाडले आहे.)

त्या संध्याकाळी मी हा डबा उद्याच परत पाठवतो, ३१ तारखेची वाट कोण पाहतो, असे जाहीर केले. पंचफुलेने जेवण वाढले. मग समोर बसली आणि एकच गोष्ट म्हणाली. "दोन सालाआधी रुखमीताई चार दिस दवाखान्यात होती. तवा फोन तुमच्या खिशात होता."

मला आठवले. मी पवनीला मंचावर बसलो होतो, चिखल्याहून फोन आला, मी दबक्या आवाजात "कळवतो" म्हणालो आणि भाषणाला उभा राहिलो. टाळ्या फार पडल्या. निरोप मी चौथ्या दिवशी दिला, तोही हात धुताना. तिकडे त्यांच्याही घरात एकच फोन, तो मुलासोबत रोज खाणीत उतरायचा आणि खाली रेंज नाही. म्हणजे दोन बहिणी, दोन्ही घरी बसलेल्या, आणि दोघींचे फोन बाहेर फिरत. तुझा डबा आल्यापासून त्या दोघी रोज अकरा वाजता बोलतात. काय बोलतात ते मी ऐकले आहे: आज काय रांधलं, गुडघा कसा हाय, वाडीत वांगं धरलं का. यात एकही विचार नाही. रोज पाऊण तास.

असो. कंपनीसाठी निष्कर्ष पुन्हा लिहितो, म्हणजे गैरसमज नको. ही सेवा कालबाह्य आहे, विजेवर अवलंबून आहे, घरातील शिस्त बिघडवते, आणि तिला बाजार नाही. साहेबांना शब्दशः वाचून दाखव, "नाही" या शब्दावर जरा आवाज चढव. सूनबाईला आशीर्वाद. आपल्या मतावर ठाम असलेला,

तुझा मोठा बाबा
गुलाब

ता. क. १: ३१ तारखेला तुमच्या माणसाला पाठवू नकोस. आमच्या गल्लीत रस्त्याचे काम चालू आहे, त्याला उगाच त्रास होईल. जानेवारीतही चालूच राहील. पुढेही.

ता. क. २: प्रश्नतक्ता सोबत जोडला आहे. नवव्या प्रश्नाला मी पुरवणी लावून दोन पाने लिहिली होती. पंचफुलेने ती काढून त्या अर्ध्या बोटाच्या जागेत "मी" असे लिहिले आहे. मी ते खोडलेले नाही. मागच्या बाजूला सत्यभामाबाईंसह गल्लीतल्या अकरा बायकांची नावे आहेत, त्यांनाही असा डबा हवा आहे. याला बाजार म्हणत नाहीत. याला गल्ली म्हणतात.

ता. क. ३: उत्तर पत्राने दे. घरफोन रिकामा सापडणार नाही. शक्य असल्यास बैठकीसाठी एक स्वतंत्र डबा पाठव. दिवे लाल राहतील हे मला माहीत आहे, पण एखादे दिवशी लागेलही रेंज. माणसाने आशा सोडू नये.

बाबू प्रफुल्ल, हे मोठ्या आईनं लिवलं. पत्र ओट्यावर ठेवून मोठे बाबा आंघोळीले गेले म्हून लिवून राहिले. माहा डबा नेऊ नोको. रुखमीताईचाबी नेऊ नोको. मोठ्या बाबांचं मनावर घेऊ नोको, आता अकरा वाजले का पयली घंटी मोठे बाबाच उचलते अन ताईसंगं दहा मिन्टं बोलते, मंग मले देते. त्याइच्यासाठी बैठकीत एक डबा नक्की पाठव. चालू नसला तरी चालते.