एम्लिनची ठणठणीत गाडी

गेथिन,

गाडीच्या किल्ल्या शोधू नकोस, त्या माझ्याकडे आहेत. केरिसला आज बसनं कॉलेजात पाठवलंय.

"नेरिस, गाडी ठणठणीत आहे, डोळे मिटून पोरीच्या हातात दे," असं तुझा भाऊ एम्लिन त्याची गाडी आपल्याला देताना म्हणाला होता. मी डोळे मिटले नाहीत. सरकारी वेबसाइटवर नंबर टाकून गाडीच्या सगळ्या वार्षिक तपासण्या वाचल्या. ब्रेकच्या नळ्या गंजल्याचा शेरा दर वर्षी आहे. यंदा तर गाडी नापास झाली आणि लगेच परगावच्या गॅरेजात पास झाली. मी खाली वाकून पाहिलं. नळ्या त्याच आहेत, वरून काळा रंग फासलाय.

एम्लिनला फोन केला. तो म्हणाला, "गेथिनला मी सगळं आधीच सांगितलंय." मी त्याला खोटारडा म्हणणार होते. पण परवा तू केरिसला म्हणालास, "डोंगराच्या उतारावरनं जाऊ नकोस, लांबच्या रस्त्यानं जा," ते आठवलं आणि मी फोन ठेवला.

मटणाचं सूप गरम करून घे. केरिसला अजून काही माहीत नाही. बाबांनी गाडी दिली म्हणून ती मैत्रिणींना सांगत फिरतेय. संध्याकाळी ती आली की खरं काय ते तूच सांग. मी तेव्हा घरात नसेन.

नेरिस